लिहायला शिकविणारी डोंगरावरची शाळा
(सुवर्णमहोत्सवी समारंभातील भाषणाचा मजकूर)



विद्यादान म्हटले की शाळेची इमारत, फळा, पाठ्यपुस्तक आणि पदवीधर शिक्षक अशी एक चौकट डोळ्यांसमोर उभी राहते. ही चौकट निरर्थक आहे असे कोणी म्हणणार नाही. शिकविणे हे एक शास्त्र आहे आणि शास्त्राचे रीतसर प्रशिक्षण असावेच लागते. तथापि एक विषय असा आहे की, ज्यात ही सारी चौकट उपलब्ध असूनही मुलाच्या हाती पुष्कळदा काहीच लागत नाही. तो विषय म्हणजे लेखन. दहा-बारा वर्षे शाळेत काढलेला मुलगा 'पावसाळ्यातील एक दिवस' या विषयावर पाठ केलेला निबंध झरझर उतरवून देतो. पण गल्लीतल्या नळाला चार दिवस पाणी नाही, हे नगरपालिकेला कळविणारे पाच ओळींचे पत्र लिहिण्याची वेळ आली की त्याची लेखणी अडखळते. शब्द त्याला ठाऊक असतात, व्याकरणही येत असते. नसते ते एवढेच की, कोणाला काय सांगायचे आहे याचा विचार करण्याची सवय.

ही सवय लावण्यासाठी शिक्षकाजवळ कोणती पात्रता हवी? या प्रश्नाचे एक विलक्षण उत्तर इटली देशातील एका डोंगरावर, अध्यापनाची कोणतीही पदवी नसलेल्या एका माणसाने दिले. त्याचे नाव फादर लोरेंझो मिलानी आणि त्या वस्तीचे नाव बार्बियाना.

लोरेंझो मिलानी यांचा जन्म २७ मे १९२३ रोजी फ्लॉरेन्स शहरातील एका सधन आणि विद्याव्यासंगी कुटुंबात झाला. त्यांचे पणजोबा भाषाशास्त्राचे नामांकित पंडित होते. घरात ग्रंथ, चित्रे, संगीत, नोकरचाकर, कशाचीच वाण नव्हती. शालेय शिक्षण संपल्यावर लोरेंझो विद्यापीठाकडे न वळता चित्रकला शिकू लागले. दुसरे महायुद्ध ऐन भरात असताना, १९४३ साली, वयाच्या विसाव्या वर्षी त्यांनी घरच्यांना चकित करीत ख्रिस्ती धर्मगुरू होण्याचा निर्णय घेतला. १९४७ मध्ये त्यांना दीक्षा मिळाली आणि फ्लॉरेन्सजवळच्या कालेंझानो या गावी साहाय्यक धर्मगुरू म्हणून त्यांची नेमणूक झाली.

कालेंझानोच्या शेजारी प्रातो नावाचे शहर आहे. कापडाच्या धंद्यात ज्यांची हयात गेली त्यांना हे नाव अपरिचित नसावे. लोकरीच्या जुन्या चिंध्या गोळा करून, त्या पिंजून, त्यांचे पुन्हा सूत काढून कापड विणणारे हे शहर जगाच्या बाजारपेठेत प्रसिद्ध आहे. त्या काळी तेथे लहानलहान मागांवर कोवळी मुलेही राबत. शाळा अर्धवट सोडून बारा-बारा तास मागावर उभ्या राहणाऱ्या मुलांची व्यथा मिलानींनी पुढे १९५८ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या पहिल्या पुस्तकात मांडली.

कालेंझानोच्या तरुण कामगारांसाठी आणि शेतकऱ्यांच्या मुलांसाठी मिलानींनी रात्रशाळा सुरू केली. ही शाळा सर्वांची वाटावी, कोणत्याही पक्षाच्या अगर मताच्या घरातील मुलाला तेथे पाऊल टाकताना संकोच वाटू नये, म्हणून त्यांनी वर्गाच्या भिंतीवरील क्रूससुद्धा उतरवून ठेवला. एका धर्मगुरूने असे करावे ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती. त्यांची कामगारांशी जवळीक, त्यांची रोखठोक वाणी आणि त्यांचे स्वतंत्र विचार वरिष्ठांना रुचले नाहीत. डिसेंबर १९५४ मध्ये त्यांची बदली बार्बियानाला झाली. नाव बदलीचे असले तरी स्वरूप हद्दपारीचेच होते.

बार्बियाना हे धड गावही नव्हते. मुजेल्लो नावाच्या खोऱ्याच्या वर, डोंगरउतारावर एक चर्च आणि दूरदूर विखुरलेली शेतकऱ्यांची घरे. तेथवर गाडीरस्ता नव्हता, वीज नव्हती, पाण्याचा नळ नव्हता. मुले पाचवीपर्यंत कशीबशी शिकत आणि मग मेंढरांमागे किंवा शेतात जात. जी पुढे शिकायला खाली जात, त्यांतील पुष्कळ नापास होऊन परत येत. त्यांच्या कपाळी 'मठ्ठ' असा शिक्का बसलेला असे.

अशा मुलांना जमवून मिलानींनी आपल्या राहत्या घरातच शाळा मांडली. बाके नव्हती, मोठी टेबले होती आणि त्यांच्याभोवती सारे बसत. थोरली मुले धाकट्यांना शिकवीत. शाळा दिवसाचे बारा तास आणि वर्षाचे ३६५ दिवस चाले. मेंढरे राखण्यापेक्षा शाळा बरी, असे त्या मुलांनाच वाटत असल्याने सुट्टीची मागणी कोणी करीत नसे. रोज वर्तमानपत्र वाचले जाई आणि एखादा अवघड शब्द आला की त्याची व्युत्पत्ती, त्याचा इतिहास, त्याचे सगेसोयरे शब्द शोधण्यात तासन्‌तास जात. भिंतीवर 'आय केअर' हे दोन इंग्रजी शब्द लिहिलेले होते. 'मला त्याची पर्वा आहे' हा त्यांचा भावार्थ. 'मला काय त्याचे' या बेफिकिरीच्या नेमका उलट.

मिलानींची मूळ धारणा साधी होती. गरीब आणि श्रीमंत यांच्यातील खरे अंतर पैशाचे नाही, भाषेचे आहे, असे ते मानीत. ज्याला दुसऱ्याचे बोलणे नीट समजते आणि आपले म्हणणे नीट मांडता येते, तो कोणासमोरही ताठ मानेने उभा राहू शकतो. म्हणून त्या शाळेत लेखन हा तासिकेचा एक विषय नव्हता. सारी शाळाच लेखनाभोवती फिरत होती.

परंतु लिहायला शिकवायचे कसे, याची रीतसर पद्धत प्रारंभी त्यांच्याजवळही नव्हती. १९६३ साली पियादेना भागातील मारिओ लोदी नावाचे एक प्राथमिक शिक्षक बार्बियानाला येऊन गेले. लोदी आपल्या वर्गातील मुलांकडून एकत्रितपणे लेखन करवून घेत असत. त्यांची मुले आणि बार्बियानाची मुले यांच्यात पत्रव्यवहार सुरू झाला. त्या पत्रांच्या निमित्ताने डोंगरावरच्या शाळेत सामुदायिक लेखनाचा प्रयोग रुजला. पदवी नसलेल्या माणसाने पदवीधर शिक्षकाकडून शिकण्यात कमीपणा मानला नाही, ही बाब येथे मुद्दाम नमूद केली पाहिजे.

ती पद्धत समजून घेण्याजोगी आहे, कारण तिला लागणारे साहित्य कोणत्याही घरात सापडेल. प्रत्येक मुलाच्या खिशात एक छोटी वही असे. विषय ठरला की कित्येक दिवस, जेव्हा जे सुचेल ते लगेच टिपून ठेवायचे. एका चिठ्ठीवर एकच विचार आणि तोही कागदाच्या एकाच बाजूला. पुरेशा चिठ्ठ्या जमल्या की त्या साऱ्या मोठ्या टेबलावर पसरायच्या. एकच गोष्ट दोघांनी लिहिली असेल तर एक चिठ्ठी बाद. मग एकमेकींशी नाते सांगणाऱ्या चिठ्ठ्यांचे ढीग करायचे. ही झाली प्रकरणे. ढिगांतून लहान ढिगल्या करायच्या. हे झाले परिच्छेद.

यापुढची पायरी मोठी मार्मिक आहे. प्रत्येक परिच्छेदाला नाव द्यायचे. नाव सुचत नसेल तर समजावे की त्या परिच्छेदात एक तर काहीच नाही, नाहीतर एकाहून अधिक गोष्टींची गर्दी झाली आहे. पहिला गळून जाई, दुसऱ्याचे दोन होत. नावे ठरली की कोणते आधी आणि कोणते नंतर यावर वाद चाले. क्रम लागला की मगच सलग मजकूर लिहायचा आणि त्याच्या प्रती काढून प्रत्येकासमोर ठेवायच्या. त्यानंतर कात्री, डिंक आणि रंगीत पेन्सिली हातात घेऊन काटछाट सुरू होई. निरुपयोगी शब्द कोण शोधतो याची चढाओढ लागे. अनावश्यक विशेषण, पुनरुक्ती, बोलण्यात कधीही न येणारा जड शब्द, दोन विचार कोंबलेले लांबलचक वाक्य, आणि अर्थातच असत्य, यांपैकी काहीही सापडले की त्यावर कात्री चाले. वेळेची मर्यादा मात्र नसे.

आणि शेवटची परीक्षा कोण घेई? कोणी प्राध्यापक नव्हे. बाहेरच्या एकेका माणसाला बोलावून त्याच्याकडून तो मजकूर मोठ्याने वाचून घेतला जाई, आणि त्यातही फारसे शालेय शिक्षण न झालेल्या माणसाला पसंती असे. मुलांना जे सांगायचे होते तेच त्याला समजले काय, एवढेच पाहायचे. त्याला समजले नाही तर दोष त्याचा नव्हे, लिहिणाऱ्यांचा. मजकूर अधिक स्पष्ट व्हावा म्हणून कोणी सूचना केली तर ती स्वीकारली जाई. पण 'असे लिहू नका, कोणाला राग येईल' अशा स्वरूपाची सावधगिरीची सूचना नाकारली जाई.

येथेच या सर्व प्रयोगाचे मर्म आहे. बार्बियानात लेखनाचा परीक्षक होण्यासाठी पदवी लागत नव्हती, किंबहुना पदवी नसणे हीच तेथे पात्रता होती. प्रांजळपणे ऐकणे आणि 'हे मला समजले नाही' असे निःसंकोचपणे सांगणे, एवढेच त्या परीक्षकाचे काम. शिक्षकाचे काम त्याहून थोडे अधिक. मुलाजवळ सांगण्याजोगे काही आहे यावर विश्वास ठेवणे, ते सांगण्यासाठी खराखुरा माणूस समोर उभा करणे आणि पुन्हा लिहिण्याचा कंटाळा येऊ न देणे.

या पद्धतीची खरी कसोटी लवकरच लागली. बार्बियानाची दोन मुले शिक्षक होण्यासाठी शहरातील अध्यापक विद्यालयात गेली आणि परीक्षेत नापास झाली. घरी परतून रडत बसण्याऐवजी त्यांनी नापास करणाऱ्या शिक्षिकेला उद्देशून पत्र लिहायला घेतले. शाळेतील आठ मुले या कामात गुंतली. गरिबांची मुले किती आणि कोणत्या वर्गात गळतात, याची आकडेवारी त्यांनी स्वतः गोळा केली, तक्ते केले, चिठ्ठ्या लिहिल्या, ढीग लावले, कात्री चालविली. मिलानी त्या वेळी रक्ताशी निगडित कर्करोगाने अंथरुणाला खिळलेले होते. त्यांच्या उशापाशीच हे काम चाले.

पत्र लिहिता लिहिता त्याचे पुस्तक झाले. 'शिक्षिकेस पत्र' या अर्थाच्या नावाने ते मे १९६७ मध्ये प्रसिद्ध झाले. लेखक म्हणून मुखपृष्ठावर कोणा एकाचे नाव नव्हते. 'बार्बियानाची शाळा' एवढेच होते. पुढच्याच महिन्यात, २६ जून १९६७ रोजी, वयाच्या अवघ्या ४४ व्या वर्षी फादर मिलानी यांनी देह ठेवला. डोंगरावरच्या 'मठ्ठ' मुलांनी लिहिलेले ते पत्र मात्र इटलीभर गाजले आणि जगातील अनेक भाषांत गेले. मराठीतही ते 'प्रिय बाई' या नावाने उपलब्ध असून महाराष्ट्रातील शिक्षणप्रेमी मंडळींनी ते आवडीने वाचले आहे. ज्यांनी पूर्वी मिलानींना दूर लोटले त्या धर्मसंस्थेचे सर्वोच्च गुरू पोप फ्रान्सिस हे २० जून २०१७ रोजी स्वतः बार्बियानाला गेले आणि मिलानींच्या समाधीपुढे नतमस्तक झाले.

या शाळेचे गुणगान करताना दुसरी बाजूही झाकून ठेवणे योग्य होणार नाही. त्या पत्रातील धार मुलांची नसून गुरूंचीच आहे, असा आक्षेप तेव्हापासून घेतला जातो. मिलानींची शिस्त कठोर होती, शब्द तिखट होते आणि त्यांच्या मतांची छाप मुलांवर पडणे अपरिहार्य होते. ज्ञानी आणि करारी गुरूच्या सहवासात शिष्याचा आवाज कोणता आणि गुरूचा कोणता, हे ठरविणे नेहमीच कठीण असते. परंतु एक गोष्ट निर्विवाद आहे. ज्या मुलाने शंभर चिठ्ठ्या लिहिल्या, त्यांतील साठ स्वतःच्या हाताने बाद केल्या आणि उरलेल्यांच्या क्रमासाठी मित्रांशी भांडण केले, तो मुलगा पुढे कोणाचाही मजकूर आंधळेपणाने उतरवून घेणार नाही.

तसेच मिलानींच्या उदाहरणावरून प्रशिक्षित शिक्षकांची गरज नाही असा अर्थ काढणे हा अन्याय होईल. लोदी हे शिक्षकच होते. १९६३ पासून मिलानींना साहाय्य करणाऱ्या अदेले कॉर्रादी याही सरकारी शाळेतील शिक्षिकाच होत्या. आणि बार्बियानाची मुले नापास झाली ती शिक्षकाची सनद मिळविण्याच्या प्रयत्नात. सनदेचा त्यांना तिटकारा नव्हता. ती त्यांना हवीच होती. त्यांचे म्हणणे एवढेच होते की, सनद घेतलेल्या माणसाने मागे पडणाऱ्या मुलासाठी थांबले पाहिजे.

आपल्या मातीतही याचे एक उज्ज्वल उदाहरण आहे. पुण्यात महात्मा जोतिराव आणि सावित्रीबाई फुले यांनी सुरू केलेल्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता नावाच्या मातंग समाजातील मुलीने, वयाच्या चौदाव्या वर्षाच्या सुमारास, मांग-महारांच्या दुःखाविषयी एक निबंध लिहिला. तो १८५५ साली 'ज्ञानोदय' या नियतकालिकात छापून आला. जोतिराव काही शिक्षकी पेशाची पदवी घेऊन शाळा काढायला निघालेले नव्हते. परंतु त्या मुलीजवळ सांगण्याजोगे काही आहे, आणि ते समाजाने ऐकले पाहिजे, ही श्रद्धा त्या शाळेत होती. दीडशेहून अधिक वर्षांनंतरही तो निबंध वाचला जातो, तो त्यातील अलंकारांमुळे नव्हे.

व्यापारी पेढीवर वाढलेल्या मंडळींना बार्बियानाची ही रीत परकी वाटण्याचे कारण नाही. पूर्वी माल रवाना झाल्याची किंवा भाव पडल्याची खबर तारेने जाई. तारेच्या प्रत्येक शब्दाला पैसे मोजावे लागत, म्हणून चौथी-पाचवी शिकलेला मुनीमसुद्धा आठ शब्दांत असा मजकूर बसवी की परगावच्या अडत्याला शंका राहू नये. एक शब्द चुकला तर गाठोडी भलत्याच गावी जात. त्या मुनिमाला निबंधकलेवरील व्याख्यान कोणी दिलेले नव्हते. वाचणारा कोण, त्याला काय कळले पाहिजे आणि चुकले तर नुकसान किती, एवढे त्याला ठाऊक असे. जुलै २०१३ मध्ये तारसेवा बंद झाली. तिच्याबरोबर शब्द मोजून वापरण्याची ती शिस्तही पेढ्यांवरून गेली.

आज काळ आणखी पुढे गेला आहे. यंत्राला विषय सांगितला की क्षणार्धात शुद्ध, गुळगुळीत निबंध तयार होऊन येतो. मार्गदर्शिकेतून उतरवून काढण्याचे कष्टही उरले नाहीत. अशा वेळी मुलाने स्वतः कशाला लिहावे, हा प्रश्न पालकही विचारू लागले आहेत. त्याचे उत्तर बार्बियानाच्या टेबलावरील चिठ्ठ्यांत आहे. नापास झालेल्या त्या दोन मुलांना नेमके काय खुपले होते, हे त्यांच्याशिवाय दुसऱ्या कोणालाही ठाऊक नव्हते. ते शोधून काढण्याचा मार्ग म्हणजेच त्यांचे लेखन. ज्याने तो मार्ग कधी तुडवला नाही, त्याला स्वतःचे म्हणणे काय आहे हेच कधी कळत नाही. मग ते दुसऱ्याला सांगणे तर दूरच.

म्हणून विद्याकार्यात रस असलेल्या, परंतु 'शिक्षक होण्याइतके शिक्षण नाही' म्हणून मागे राहणाऱ्या ज्येष्ठांनी या डोंगरावरच्या शाळेचा जरूर विचार करावा. वसतिगृहातील चार मुले, एक मोठे टेबल, कोऱ्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा आणि आठवड्यातील एक संध्याकाळ एवढ्या भांडवलावर हे कार्य सुरू होऊ शकते. विषय मात्र खरा असावा. नळाला पाणी नसल्याचे पत्र खरोखर नगरपालिकेत पोहोचावे. गावाकडच्या आजोबांना लिहिलेले पत्र खरोखर टपालात पडावे आणि त्याचे उत्तर यावे. मुलाने आपला मजकूर मोठ्याने वाचावा आणि ऐकणाऱ्याने, मग ती फारशी न शिकलेली आजी का असेना, जेथे समजले नाही तेथे हात वर करावा. आजीने हात वर केला की मुलाने वाक्य पुन्हा लिहावे.

दुकानातील कात्री कापडावर पडण्यापूर्वी गज दोनदा लावला जातो, कारण कापलेले कापड पुन्हा जोडता येत नाही. लेखनाच्या बाबतीत तेवढी एक सवलत आहे. तेथे कितीही वेळा कापता येते आणि दर वेळी काही सुधारते. फक्त शेजारी बसणारे कोणीतरी हवे. बार्बियानात बारा वर्षांहून अधिक काळ असा एक माणूस बसला होता.

अस्तु.